भिंत, केवळ तब्येतीसाठी

४ फेब्रुवारी, बुधवार

आजपासून व्यायाम सुरू. डॉक्टर म्हणाले, कोलेस्टेरॉल वाढलंय, रोज चाला. चालणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग. मी बोल्डरिंग निवडलं. बोल्डरिंग म्हणजे दोरी-बिरी न बांधता खोट्या भिंतीवर चढायचं आणि हात सुटला की खाली जाड गादीवर आपटायचं. भिंतीवर रंगीत प्लॅस्टिकचे उंचवटे ठोकलेले असतात, त्यांना होल्ड म्हणतात. एकाच रंगाचे होल्ड धरत वर जायचं. पिवळे सर्वांत सोपे, मग हिरवे, निळे, आणि शेवटी काळे.

बूट भाड्याने मिळतात. आधीच्या माणसाच्या पायाची ऊब आत शिल्लक होती. काउंटरवरची बाई म्हणाली, स्प्रे मारलाय. स्प्रेचाही वास आणि पायाचाही वास. शी! पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात क्वालिटी माझ्याकडे आहे. असले बूट मी गेटच्या आत घेतले नसते.

माझी मुलगीही इथेच येते, बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी. निव्वळ योगायोग. मला तेच दिवस सोयीचे पडतात. बुधवारी कारखान्यात डिस्पॅचची मारामारी असते, तरीही सोयीचे पडतात.

मला बघून तिचा बाटली धरलेला हात तोंडाशीच थांबला. मी मान हलवली. तिनेही हलवली. तिने नोकरी सोडली, स्वतंत्र खोली घेतली, त्यानंतरचं हे आमचं सर्वांत मोठं संभाषण. तेव्हा मी चार शब्द सुनावले होते, एवढंच. आमची ही म्हणते, चार नव्हते.

पिवळ्यावर दोनदा पडलो. सुरुवात चांगली झाली.

५ फेब्रुवारी

दात घासताना ब्रश उचलेना. शर्टाची बटणं हिने लावून दिली आणि लावताना हसली. संकल्प: फेब्रुवारीअखेर हिरवे, मार्चअखेर निळे. काळे जूनपर्यंत. मुलगी काळे चढते. त्याचा याच्याशी संबंध नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

तिथे एक ट्रेनर आहे. मी त्याला मनात दाढी म्हणतो, कारण चेहऱ्यावर दुसरं काही दिसतच नाही. दाढी म्हणाला, काका, हात सरळ ठेवा, जोर पायांनी लावा. मी म्हटलं, चढायचं म्हटल्यावर हात लागणारच ना. करून दाखवलं. पडलो. मग त्याने मला पडायचं कसं ते शिकवलं. गुडघे वाकवायचे, पाठीवर लोळायचं, हात मागे टेकायचा नाही. चोपन्नाव्या वर्षी मी गादीवर लोळत होतो आणि समोर मुलगी होती. तिने तोंड फिरवलं. बहुधा हसू लपवायला. बहुधा.

११ फेब्रुवारी, बुधवार

इथल्या माणसांबद्दल एकदा लिहून टाकतो, म्हणजे डोकं हलकं होईल. पोरं उघडी चढतात आणि त्यांचा घाम होल्डवर राहतो, तोच होल्ड मी धरतो. हात कोरडे राहावेत म्हणून सगळे पांढरी पूड फासतात. ती हवेत उडते, नाकात जाते, माझ्या चहावर तरंगते. एक जण अनवाणी संडासात गेला आणि तसाच येऊन गादीवर मांडी घालून बसला. वर केळं खाल्लं. मी काउंटरवर तक्रार केली. बाई म्हणाली, सांगते हं त्यांना. सांगितलं नाही. घरी येऊन दोनदा आंघोळ केली.

१४ फेब्रुवारी, शनिवार

मुलगी पुढे झुकलेल्या भिंतीवर काळा मार्ग चढत होती. खालून मला स्पष्ट दिसत होतं, डावा पाय चुकतोय. मी सांगितलं, डावा बघ. ऐकलं नाही. जरा मोठ्याने सांगितलं. मग आणखी जरा. डावा, डावा, अगं डावा! ती पडली. मी म्हटलं, बघ, मी सांगत होतो. ती उठली, हाताची पूड झटकली आणि पलीकडच्या भिंतीकडे निघून गेली.

चूक दाखवली की माणसाला राग येतो. खोक्यांचं बरं असतं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

दाढीने मला बाजूला घेतलं. म्हणे, इथे एक रीत आहे. प्रत्येकाने आपापली युक्ती शोधायची असते, त्यातच मजा. म्हणून समोरच्याने विचारल्याशिवाय सांगायचं नाही. फारच वाटलं तर आधी विचारायचं, सांगू का? तो हो म्हणाला तरच तोंड उघडायचं.

असली बिनडोक रीत मी जन्मात ऐकली नाही. आमच्या लाइनवर मी प्रत्येक खोक्याला आधी विचारत बसलो असतो, तुझी कड उसवली आहे, सांगू का, तर कारखान्याला केव्हाच टाळं लागलं असतं. हे सगळं दाढीला समजावून सांगितलं. तो म्हणाला, काका, ही खोकी नाहीत. एवढ्यात कोणीतरी हाक मारली म्हणून त्याची सुटका झाली.

२१ फेब्रुवारी, शनिवार

मौन पाळलं. एक अक्षर बोललो नाही. मुलगी चुकत होती तेव्हा फक्त खाकरलो. नंतर बोटाने उजवीकडचा होल्ड दाखवला, तोही असा की सहज हात वर गेला असावा. शेजारी माझ्याच वयाच्या एक बाई असतात, दातांच्या डॉक्टर. त्यांनी विचारलं, घसा धरलाय का? वर आल्याचा काढा सांगितला. मी न विचारता! त्यांना मात्र कोणी बाजूला घेत नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

हिरवा सर केला!!

दातवाल्या बाईंचं म्हणणं, मधे माझा एक पाय पिवळ्यावर होता, म्हणून तो हिशेबात धरायचा नाही. तांत्रिक मुद्दा आहे. मनाने मी हिरव्यावरच होतो.

उतरताना तळहाताची कातडी सोलून निघाली आणि पापडासारखी लोंबायला लागली.  बाकावर बसलो होतो तर मुलगी आली, पट्टीचं रीळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि काही न बोलता गेली. पट्टी उत्तम निघाली, चिकटपणा एकसारखा, कडेला धागे सुटत नाहीत. उरलेलं रीळ घरी कपाटात ठेवलं आहे. दर्जाचा अभ्यास करायचा आहे.

२ मार्च

घरी सराव. बेडरूमच्या दाराच्या चौकटीला बोटांनी लटकलो. चौकटीची वरची पट्टी खाली आली, मीही आलो. ही म्हणाली, पोरीशी बोलायचं तर फोन करा, घर कशाला पाडताय? मी म्हटलं, विषय कोलेस्टेरॉलचा चालला आहे. ती आत निघून गेली आणि बराच वेळ भांडी आदळत होती.

७ मार्च, शनिवार

एक शोध लागला. हात सरळ ठेवून जोर पायांनी लावला तर चढणं पुष्कळ सोपं जातं. दाढीला सांगितलं. त्याने कपाळावर हात मारला. हे लोक नवीन काही स्वीकारत नाहीत.

११ मार्च, बुधवार

मुलीने आज मला हिरव्याच्या अर्ध्यापर्यंत जाताना पाहिलं. तिचा अंगठा वर झाल्यासारखा वाटला. चष्मा काउंटरवर होता, त्यामुळे खात्री नाही. रात्रीचं जेवण चांगलं गेलं.

१४ मार्च, शनिवार

जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

मागे झुकलेल्या भिंतीवरचा लांब हिरवा मार्ग घेतला. या भिंतीवर जिन्यासारखं पायांवर उभं राहत जाता येतं. या वेळी पाय कुठल्याही दुसऱ्या रंगावर नव्हता. वर पोहोचलो. शेवटचा होल्ड दोन्ही हातांनी धरला. खरोखर सर केला, दातवाल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या.

मग खाली बघितलं.

चढताना पाय दिसतात. उतरताना पोट दिसतं, आणि त्याच्या पलीकडे कुठेतरी गादी. उडी मारवेना. पाय खाली सोडला तर काही लागेना.  उघडी पोरं जमली. दाढी म्हणाला, शिडी आणतो. शिडी! रंगाऱ्यासारखं मला शिडीने उतरवणार होते. ओकारी येईल असं वाटलं आणि ती नेमकी कुणाच्या डोक्यावर पडेल याचाही अंदाज घेतला.

मुलगी येऊन खाली उभी राहिली. पण बोलेना. नुसती वर बघत होती. मला कळेना, ही मजा बघतेय की काय. मग हळूच म्हणाली, बाबा, सांगू का?

इतकी माणसं ऐकत असताना माझ्या तोंडून हो निघालं. कसं निघालं कोण जाणे.

मग ती सांगत गेली. उजवा पाय खाली सोड. अजून थोडा. लागला ना? आता त्याच्यावर भार दे. हात सरळ. घाई नाही, बाबा. डावा आता. मी ऐकत गेलो. एकदाही आवाज चढवला नाही तिने. गादीवर पाय टेकले तेव्हा माझा शर्ट पिळून काढण्यासारखा झाला होता.

आम्ही दोघं गादीच्या कडेला बसलो. ती पुडीच्या पिशवीची नाडी बोटाला गुंडाळत होती. म्हणाली, बाबा, तू इथे माझ्यासाठी येतोस का?

मी म्हटलं, छे! तब्येतीसाठी.

ती म्हणाली, नक्की?

मी तिला कोलेस्टेरॉलचे आकडे सांगितले. वाईट आणि चांगलं, दोन्ही. ट्रायग्लिसराइडपण. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग बरं म्हणाली, नाडी सोडली आणि बूट बदलायला गेली.

एकूण दिवस यशस्वी. उतरण्याबाबत तिचं मार्गदर्शन समाधानकारक.

१८ मार्च, बुधवार

मुलगी आली नाही. सर्दी असेल. त्या गाद्यांवर बसल्यावर दुसरं काय होणार!

१९ मार्च

हिने जेवताना सांगितलं. मुलीला दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या भिंतीवर नोकरी मिळाली आहे. होल्ड कुठे ठोकायचे, मार्ग कसा आखायचा ते काम. रविवारी निघते. सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं, आणि तिचं काही ठरत नव्हतं. म्हणून शनिवारी तुमच्याशी बोलून बघते म्हणाली होती.

मी ताट सरकवलं. म्हटलं, एवढी मोठी गोष्ट, आणि मला कोणी विचारलंसुद्धा नाही?

ही म्हणाली, विचारलं होतं की.

२२ मार्च, रविवार

कारखान्यातून सात पदरी खोकी आणली. असल्या खोक्यांतून आमची गिऱ्हाइकं मशीन पाठवतात. खोक्यांच्या तळाला आडवी-उभी दुहेरी पट्टी मारून दिली. तिच्या खोलीत मी आज पहिल्यांदा गेलो. खिडकी पूर्वेला आहे, ओल नाही, नळाचं पाणी जोरात येतं. शोधूनसुद्धा खोट काढता आली नाही, म्हणून नुसताच उभा राहिलो.

राहा म्हणावंसं वाटत होतं. विचारल्याशिवाय सांगायचं नाही अशी रीत आहे. तिने विचारलं नाही.

खोकी मस्त आहेत, बाबा, असं मात्र म्हणाली. गाडी वळेपर्यंत मी हात वर धरून होतो, नंतर खांदा दुखला.

२५ मार्च, बुधवार

भिंतीवर गेलो. तब्येतीसाठी येतो असं सांगून बसल्यावर जावं लागतंच.

हिरव्याखाली उभा होतो तेवढ्यात हिचा फोन आला. मुलगी नीट पोहोचली. तिने विचारलं, आज बुधवार, बाबा भिंतीवर गेला का? हिने सांगितलं, गेलेत.  त्यावर ती म्हणाली, बरं झालं. मला उगाचच वाटत होतं की तो माझ्यासाठी येतो.

बूट काढून काउंटरवर दिले. बाई म्हणाली, काका, आज चढला नाहीत? मी म्हटलं, घसा धरलाय.