अठ्ठ्याण्णवाव्या चालीबाबत

प्रति,
मा. मुख्य पंच,
आंतरराष्ट्रीय गो स्पर्धा,
पंच कार्यालय, स्पर्धागृह, दुसरा मजला.

विषय : पट क्र. ४ च्या नोंदपत्रकाबाबत खुलासा.
संदर्भ : आज सकाळी अर्जदाराच्या स्टुलावर ठेवलेली आपली चिठ्ठी व खुलाशासाठी सोबत दिलेले मूळ पत्रक.

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा पाणीमीटरचे आकडे टिपणारा कर्मचारी असून एकोणीस वर्षांत त्याचा एकही आकडा चुकलेला नाही. याच लौकिकावर त्यास पट क्र. ४ वर चाली नोंदविण्याचे काम मिळाले. त्या पटावर पांढऱ्या सोंगट्यांनी खेळणारे, चष्म्याच्या काचा घासणारे कारागीर, हे अर्जदाराचे साडू, म्हणजे धाकट्या मेहुणीचे यजमान होत. ही बाब अर्जदाराने आधी कळवावयास हवी होती.

२. साडूंना गो हा काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा खेळ अर्जदारानेच शिकविला, त्यांच्या घरच्या इस्त्रीच्या टेबलावर. कच्च्या खेळाडूस आरंभीच जादा सोंगट्या मांडू देण्याची या खेळात रीत आहे. अर्जदार त्यांना चार देत असे. पुढे दोन, पुढे एकही नाही. मग एका रविवारी साडूंनीच दोन जादा सोंगट्या अर्जदाराच्या वतीने मांडून ठेवल्या. त्या रविवारपासून अर्जदाराची पाठ दुखते व त्यास तिकडे जाणे जमत नाही.

३. स्पर्धेत साडूंना हातांची खुर्ची व नावाची पाटी, अर्जदारास स्टूल. सासूबाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी मध्यंतरात सर्वांदेखत, "जावईबापू, तुम्ही नुसतं लिहिताय होय?" अशी पृच्छा केली. अर्जदाराच्या पोटात दुखले, हे तो नाकारीत नाही.

४. अठ्ठ्याण्णवाव्या चालीस साडू बारा मिनिटे विचार करीत बसले. अर्जदारास चाल केव्हाच दिसली होती : उजवा वरचा कोपरा. न राहवून त्याने ती पत्रकात लिहून टाकली. साडूंनी सोंगटी डाव्या कडेला ठेवली. नोंद खोडता आली असती. खोडली नाही, कारण साडू चुकले अशी अर्जदाराची खात्री होती व चुकीची चाल लिहावयास त्याचा हात होईना.

५. पुढे एकशे सेहेचाळीसाव्या चालीस साडूंनी त्याच कोपऱ्यात, त्याच जागी सोंगटी ठेवली. अर्जदाराने तीही नोंदविली. परिणामी पत्रकात एकाच जागी दोन सोंगट्या झाल्या. साडू अर्ध्या गुणाने जिंकले. मोजणीसाठी सोंगट्या हलविल्याने पट मोडला होता, त्यामुळे पत्रक हाच पुरावा उरला. हरलेल्या संघाने तक्रार केली, आपण निकाल रोखला आणि उद्याच्या उपांत्य फेरीतून साडू बाद होण्याची वेळ आली आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा हा प्रकार आहे.

६. काल घरी अर्जदाराने तो डाव पुन्हा मांडला. अठ्ठ्याण्णवावी चाल स्वतःची घातली. डाव सात गुणांनी हरला. तीन वेळा मांडला, तीनदा हरला. कोपऱ्यातील चाल बरोबर होती, परंतु आधी डावी कड सांभाळावयास हवी होती. हे साडूंना बारा मिनिटांत कळले. अर्जदारास कळावयास संध्याकाळ गेली.

७. डाव संपल्यावर साडू वाकून हळूच म्हणाले, "दादा, कोपऱ्यातली चाल तुमचीच हं, इस्त्रीच्या टेबलावर शिकवलेली. तुमच्यासमोर खेळायला मिळाली, बरं वाटलं." अर्जदाराने पत्रकाची घडी घातली.

८. सबब विनंती की, पटावर झाले तेच खरे मानून साडूंचा विजय कायम करावा, त्यांना उद्या खेळू द्यावे व अर्जदारास कामावरून कमी करावे. मूळ पत्रक मात्र साडूंच्या दृष्टीस पडू देऊ नये. त्यातील चाल कोणाची, हे ते पाहताक्षणी ओळखतील. त्यांनी विचारल्यास, अर्जदाराचे लक्ष चुकले एवढेच सांगावे. ते विश्वास ठेवतील. अर्जदाराबद्दल काहीही चांगले मानावयास ते सदैव तयार असतात, आणि अर्जदाराची त्यांच्याविरुद्ध मूळ तक्रार हीच आहे.

आपला नम्र व या कामास अपात्र,
(सही)
नोंदलेखक, पट क्र. ४
दिनांक : स्पर्धेचा पाचवा दिवस, सकाळ

सोबत : १. मूळ नोंदपत्रक (बंद पाकिटात)
२. दुरुस्त नोंदपत्रक, अर्जदाराच्या हस्ताक्षरात