ओळख सुधारा

सोमवार, ३ फेब्रुवारी

नवं घर, नवी वही! लग्नाची धावपळ एकदाची संपली आणि आज मी सामानासकट इथे दाखल झाले. तीन खोल्या, स्वयंपाकघराला पूर्वेची मोठी खिडकी. माझ्या टंकनाच्या कामासाठी ह्यांनी कपाटातून लॅपटॉप काढून दिला. ह्यांच्या पहिल्या बायकोचा. ती जाऊन दोन वर्षं झाली, पण यंत्र ठणठणीत आहे. ह्यांची लेक ठमी सात वर्षांची. तिनं माझ्या भुवईवरच्या व्रणाला बोट लावून पाहिलं आणि मी झोपाळ्यावरून कशी पडले ते दोनदा सांगायला लावलं. मला काकू म्हणते. आई म्हणेल तेव्हा म्हणेल, मला घाई नाही. खोटं कशाला लिहू, आहे घाई.

बुधवार, ५

लॅपटॉप फार रेंगाळतो म्हणून सकाळी अपग्रेडला लावला. दोन तास गेले. मग कॅमेरा चालू झाला, माझ्या चेहऱ्याभोवती एक गोल फिरला आणि स्क्रीनवर आलं, ओळख पटली नाही. वर पहिलीचं नाव आणि हसरा फोटो. सासूबाई मागून म्हणाल्या, तिच्या हाताखाली कसा गुमान चालायचा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. गेल्यावरही हिचंच कौतुक!

गुरुवार, ६

दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्याचं म्हणणं, तुमचं नवं खातं उघडा, पाच मिनिटांचं काम. पण मला तिच्या शेजारची खोली नको होती, तिचीच हवी होती. ह्यांच्याकडून पासवर्ड घेतला, ठमीची जन्मतारीख, आणि तिच्याच खात्यात शिरून माझाही चेहरा साठवायला ‘ओळख सुधारा’ दाबलं. मान डावीकडे, मान उजवीकडे. गोल हिरवा झाला. ‘पुन्हा स्वागत आहे’, आणि खाली तिचं नाव. जिरवली की नाही!

रविवार, ९

आता झटक्यात उघडतो. पण रोज आपणहून विचारतो, ओळख आणखी सुधारायची? मी काही दाबत नाही, तरी गोल हिरवा होतो. आणि कॅमेऱ्यात माझा व्रण दिसत नाही. दुरुस्तीवाला म्हणतो, अपग्रेडनंतर जुने कॅमेरे गडबडतात, येऊन बघतो.

सोमवार, १०

व्रण न्हाणीघरातल्या आरशातही नाही. बोटालाही लागत नाही. सासूबाईंनी बिनसाखरेचा चहा दिला. मी दोन चमचे घेते — घ्यायचे. आवडला. ह्यांनी मागून तिच्या नावानं हाक मारली. मी ओ दिली.

मंगळवार, ११

दुरुस्तीवाला आला. अपग्रेड काढून टाकता येईल का, विचारणार होते — विसरले. त्यानंच विचारलं, तुमच्या खात्यात दुसऱ्याच कुणा बाईचा चेहरा साठलाय, भुवईवर व्रण असलेला, ठेवू की काढू? वाकून पाहिलं. कोण ही? माझ्या खात्यात? डोकंच फिरलं. काढा म्हटलं. त्यानं काढला.

बुधवार

ठमी शाळेतून आली. दारातच थबकली. मग आई म्हणत गळ्यात पडली, सोडेचना. किती दिवसांनी —

टेबलावर ही वही सापडली. अक्षर माझं नाही. पानापानावर माझी ठमी, माझं घर, हे. ठमी म्हणते, काकूची आहे. कोण काकू? मी नसताना इथे ही — आणि ह्यांनी मला एका शब्दानं — येऊ देत आज घरी, विचारतेच, ही कोण