बदल्यांचा दोष

पप्पा,

इकडे दिल्ली कॅन्टमध्ये सगळे ठीक आहेत. हे पत्र मी पाठवणार नाही, म्हणूनच खरं लिहितेय.

रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "भक्ती, माझ्या सततच्या बदल्यांमुळे तुझ्या शाळा बदलल्या आणि तुझं गणित कच्चं राहिलं. चुकलंच माझं." सुभेदारसाहेबांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. मी फक्त "असू दे, पप्पा" म्हटलं.

बारावीच्या प्रीबोर्डला, म्हणजे बोर्डाआधीच्या सराव परीक्षेला, गणितात बावन्न आले, तेव्हा साताऱ्याचा मामा म्हणाला, एवढ्या मार्कांवर इकॉनॉमिक्स विसर. मला ते लगेच पटलं, कारण गणिताच्या आणखी एका पेपरची मला भीती वाटत होती. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरताना मी गणित घेतलंच नाही. मग कळलं, इथे प्रवेशाला बारावीचे मार्क धरतच नाहीत, फक्त त्या परीक्षेचे धरतात. आणि इकॉनॉमिक्सला तिथे गणित लागतंच. तोपर्यंत फॉर्मची तारीख गेली होती.

आपल्या खालच्या क्वार्टरमधली तनया आठवते ना? बोर्डात गणिताला तिला माझ्यापेक्षाही कमी मार्क पडले. पण रडत रडत का होईना, तिने प्रवेश परीक्षेत गणिताचा पेपर दिला. काल तिला इकॉनॉमिक्स मिळालं. तिची आई पेढे घेऊन आली होती.

तिचे पप्पाही फौजेतच आहेत. तिच्याही शाळा माझ्याइतक्याच बदलल्यात.

या रविवारी तुम्ही पुन्हा तेच म्हणाल. आणि मी पुन्हा म्हणेन, असू दे, पप्पा.

तुमची,
भक्ती