फोनवरच्या शिकवणीचे अकरा नियम

बोदवड,
मंगळवार, १९ ऑगस्ट १९९७

तीर्थस्वरूप रुपचंद दाजी यांना लीलाधरचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे यंदा साष्टांग कागदावरच घालतो, मानून घ्यावा). इकडे सगळे ठीक आहेत, सौ. सुगंधाची कंबर आणि माझी झोप सोडून. आपला दमा पावसात उठला का, अक्काच्या डोळ्यांतून पाणी येणं थांबलं का, ते कळवावं. अक्काची राखी शनिवारी पोहोचली, काल बांधली. राखीच्या पाकिटातली आपली चार ओळींची चिठ्ठीही पोहोचली. फोनवर कोणी माणूस कुंदाला त्रास देतो असं कानावर आलं, रविवारी येऊन पोरीला घेऊन जातो, दहावी गेली चुलीत, असं आपण लिहिलंत. दाजी, त्या माणसाबद्दल जगात सगळ्यात जास्त माहिती मला आहे, म्हणून हे पत्र. फोन केला असता, पण आपल्या गावचा फोन किराणा दुकानात, आणि लाइनवरच्या तिसऱ्या कानाचा काय अनुभव आला ते पुढे येईलच.

आपल्याला माहीत आहे की कुंदाला गणित शिकवायला पितांबर सर होते. आषाढात ते चिखलात घसरले, मांडीचं हाड मोडलं, आणि प्लास्टरसकट मुलाकडे जळगावला गेले. माणूस असा की पडल्या पडल्या म्हणाले, पोरांचं वर्ष वाया जाऊ देणार नाही, दर रविवारी सकाळी दहाला मी फोन करीन, तिने वही घेऊन बसावं. सर सोन्यासारखे. पण माझं म्हणणं असं की माणूस ओळखीचा असला तरी तार ओळखीची नसते. बोदवड ते जळगाव एवढ्या लांब तारेवर कुठे कोण चिकटलेला असेल सांगता येत नाही (मागच्या वर्षी केळीच्या गाडीची चौकशी करायला फोन लावला तर दोन अनोळखी बाया नणंदेची उणीदुणी काढत होत्या, मी सगळं ऐकून मग ठेवला). शिवाय, सर असोत नाहीतर साक्षात देव असो, पोरीशी बंद दाराआड तासभर कोणी बोलायचं नाही. अक्काने पोटची पोर दहावीसाठी माझ्या पदरात टाकली आहे. मी पंपांच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करणारा माणूस, कोणाच्या हाताखाली न शिकलेला. एक वेढा कमी पडला तर मोटार जळते हे मला ठाऊक आहे. म्हणून मी जाड पुठ्ठ्यावर अकरा नियम लिहून फोनच्या वर टांगले.

सगळे लिहीत नाही, आपण याल तेव्हा दिसतीलच. फोन बाहेरच्या खोलीत, दार उघडं, पडदा वर. सहावा नियम असा की अनोळखी आवाज आला तर वाद घालायचा नाही, रिसीव्हर ठेवायचा आणि जिथे माणसं आहेत तिथे धावत जायचं, म्हणजे समोर झुलालच्या पिठाच्या गिरणीत. सातवा, कोणी मोठा माणूस ‘हे घरी सांगू नको’ म्हणाला तर तेच सगळ्यात आधी घरी सांगायचं. नववा, घरात कोण आहे कोण नाही हे फोनवर कोणालाही सांगायचं नाही. (नवव्यामुळे माझ्या सासूबाई आमच्यावर रुसल्या आहेत. ‘सुगंधा आहे का घरी?’ असं त्यांनी तीनदा विचारलं आणि कुंदाने तिन्ही वेळा ‘सांगता येणार नाही’ असं नम्रपणे सांगितलं. पोरीची चूक नाही. नियमात सासूचा अपवाद घालायचा माझ्याकडून राहिला.)

आता मुख्य मुद्दा. एवढं करूनही मला चैन पडेना, म्हणून मी बाराव्या गोष्टीची सोय केली, जी पुठ्ठ्यावर नव्हती. भंगारातून एक जुना फोन आणला, दुरुस्त केला, आणि बाहेरच्या लाइनला जोड देऊन तार भिंतीच्या कडेने, दर नऊ इंचांवर खिळा मारून, मागच्या धान्याच्या खोलीत नेली. उद्देश एवढाच की शिकवणी चालू असताना एक जबाबदार माणूस लाइनवर असावा. कुंदाला सांगितलं नाही. सांगितलं तर पोर बुजेल, असं वाटलं. माझा श्वास ऐकू जाऊ नये म्हणून बोलायच्या बाजूला पंच्याची तीनपदरी घडी बांधली. असे चार रविवार निर्वेध गेले.

पाचव्या रविवारी, म्हणजे दहा तारखेला, सरांनी गणित घातलं. तीन क्ष अधिक एकवीस बरोबर शून्य, तर क्ष किती? कुंदा गप्प. सर म्हणाले, विचार कर, घाई नाही. कुंदा गप्पच. दाजी, मी सांगतो, ती शांतता सहन होण्यासारखी नव्हती. जळालेली मोटार समोर पडली आहे, दोष दिसतो आहे, आणि कोणी हात लावत नाही, तसं झालं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘उणे सात.’

पंच्याच्या तीन पदरांतून तो आवाज विहिरीतून आल्यासारखा गेला असावा. सर ओरडले, कोण आहे? कुंदा, फोन ठेव आणि लोकांत जा! पोरीने सहाव्या नियमाप्रमाणे, एकही पायरी न चुकता, रिसीव्हर ठेवला आणि गिरणीत धावली. रविवारची गिरणी, डबे घेऊन वीस माणसं उभी. झुलाल मूळचा तुमच्या धुळ्याकडचा, पट्टा बंद करायच्या आत ओरडला, ‘कोन शे रे तो? कथा गया?’ कुठे गेला ते शोधायला कोणी काठी घेतली, कोणी मुसळ, आणि सगळी गल्ली माझ्या घराकडे निघाली. मी मागच्या दाराने बाहेर पडून त्यांच्यात सामील झालो. खोटं सांगत नाही, शोध व्यवस्थित व्हावा म्हणून कोणी कुठे बघायचं तेही मीच वाटून दिलं. पाण्याची टाकी पाहिली, केळीची खोडं हलवून पाहिली. सगळं घर पालथं घालून झाल्यावर, बठ्ठा घर देखा, कोनी नही, असं झुलाल म्हणाला. या साऱ्या वेळात कुंदा माझा हात धरून होती. म्हणाली, ‘मामा, तुम्ही माझ्याजवळच थांबा.’ त्या क्षणी सांगायला हवं होतं. वीस माणसं होती, त्यांच्या हातात मुसळं होती. नाही सांगितलं.

दोन दिवस पोर फोनच्या खोलीत पाऊल टाकेना. घंटी वाजली की दचके. मला जेवण जाईना. तिकडे सरांनी पलंगावरून टेलिफोन खात्यात तक्रार केली, आणि बुधवारी लाइनमन छगन शिडी घेऊन आला. झुलाल मागे आलाच. छगन तारेवर बोट फिरवत निघाला. ‘खिळे काय मारले आहेत, मापात!’ असं मनापासून म्हणाला (ही या प्रकरणातली माझी एकमेव कमाई). बोट धान्याच्या खोलीत, कोठीच्या मागे जाऊन थांबलं. तिथे फोन, फोनवर पंचा, शेजारी माझा चष्मा आणि एक वही. वहीचा इथे संबंध नाही. झुलालने चष्मा उचलून सगळ्यांना दाखवला, ‘हाऊ चस्मा कोना शे?’ सुगंधा कणकेच्या हातांनी पुढे आली आणि म्हणाली, ‘यांचाच. रविवारपासून शोधू राह्यले.’

लोक हसले, गल्ली अजून हसते आहे, ते मी सोसतो. कुंदा हसली नाही. एवढंच म्हणाली, ‘तुम्ही ऐकता हे मला माहीत असतं तर मी घाबरले नसते, मामा.’ मग स्टूलवर चढून पुठ्ठ्यावर स्वतःच्या अक्षरात बारावा नियम लिहिला: ज्याला ऐकायचं असेल त्याने समोर बसून ऐकावं. दाजी, पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढतो आहे. त्या ओळीत मला चूक काढता आली नाही.

परवाच्या रविवारी शिकवणी पुन्हा झाली. दुसरा फोन आता बाहेरच्याच खोलीत, मी स्टूलवर तिच्यासमोर. सर म्हणाले, ‘नमस्कार लीलाधरभाऊ, आज उत्तर मुलीला देऊ द्या.’ दिलं तिने. पाच गणितं घातली, पाचही बरोबर. तेव्हा हात जोडून विनंती की पोरीला नेऊ नका. जो माणूस होता तो पकडला गेला आहे आणि आपल्याला पत्र लिहितो आहे.

अक्काला नमस्कार.

आपला,
लीलाधर तोताराम

ता. क. : सायकलवरचा मिशीवाला माणूस पळताना दिसला, असं आपल्यापर्यंत आलं असेल तर ती झुलालची भर आहे.

दुसरा ता. क. : येऊ नका असं मात्र मी म्हणत नाही. या, पण रविवारी नको, शनिवारी निघा. सकाळची शाळा असते. वाटेत धरणगावला उतरून माझ्या शाळेतून माझा सातवी पासचा दाखला घ्यावा, साल १९६४. जन्मतारीख एक जून असेल, ती खोटी आहे, पण बदलू नये. दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरायचा आहे, त्याला दाखला लागतो. आता आपल्याला कळलं असेल की वहीत काय होतं. माझं लग्न जुळवताना मुलगा मॅट्रिक आहे असं आपणच सांगितलं होतंत. आपला शब्द खरा करायला थोडा उशीर होतो आहे, एवढंच.

तिसरा ता. क. : सुगंधापासून लपवायची गरज उरलेली नाही. वही कुंदाने उघडून पाहिली तेव्हा मी म्हणालो, मामीला सांगू नको. तिने पुठ्ठ्यावरच्या सातव्या नियमावर बोट ठेवलं आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. सुगंधा भाकरी थापता थापता म्हणाली, ‘मला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं. दाजींना म्हणा, दाखला विसरू नका.’