येते हं!

४ ऑक्टोबर

पोचले. एक चाक मोडलेली बॅग, अवघडलेली मान आणि ही वही. बाकी सगळं उद्या.

५ ऑक्टोबर

काल ज्यांनी दार उघडलं, त्या माझ्या घरमालकीणबाई. एकट्याच राहतात. रेल्वेत तिकीट तपासनीस होत्या, आता निवृत्त. निवृत्त म्हणे! माझ्याकडे अशा बघतात, जणू मी विनातिकीट चढलेय. मनातल्या मनात नाव ठेवून टाकलं – टीसीबाई.

खोली वरच्या मजल्यावर. पलंग, टेबल, खिडकी. खिडकीतून समोरच्यांच्या दोरीवरचे मोजे दिसतात, सगळे एकाच रंगाचे. मला तर खोली बघताक्षणी आवडली. पण ती अजून माझी नाही! "दोन आठवडे बघू. मग सांगते," असं टीसीबाई म्हणाल्या. काय बघणार, ते काही सांगितलं नाही.

ज्या संस्थेत वर्षभर इथली भाषा शिकायला आलेय, तिच्या ऑफिसात चौकशी केली. होस्टेल गच्च भरलंय. आणि शहरात राहायचा पत्ता नसेल, तर शिष्यवृत्ती थांबते, मायदेशी परत जावं लागतं. तिथली कारकून हे हसत हसत सांगत होती, मेली! म्हणजे खोली गेली की माझं वर्ष गेलं. आईला यातलं काहीही कळवणार नाही. ती फोनवर रडायला लागेल, मग बाबा फोन हिसकावून "काय झालं, काय झालं" करतील आणि मला एक शब्द बोलू देणार नाहीत.

तर आता दोन आठवडे गुणी मुलीसारखं वागायचं. जमेल. का नाही जमणार?

६ ऑक्टोबर

जमेना!

चार वर्षं ही भाषा शिकले. विद्यापीठात पहिली आले, बाबांनी गल्लीभर सांगत फिरून लाज आणली. आणि आज सकाळी त्याच भाषेत मी टीसीबाईंना काय म्हणावं? "आपली अनुज्ञा असल्यास मी हे गवाक्ष उघडू इच्छिते." म्हणजे त्यांच्या कानाला ते असंच लागलं असणार. बाईंनी चमचा खाली ठेवला. "तू कुठल्या राजवाड्यात वाढलीस?"

जुन्या पुस्तकांतून भाषा शिकलं की ही गत होते. खिडकी त्यांनीच उघडली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मी जिन्यात जाऊन तोंडावर रुमाल धरून हसले.

७ ऑक्टोबर

एक गोष्ट खटकते आहे.

मी सकाळी कशी निघते? रीतसर, सांगून. आईचं वळण आहे. चप्पल-बूट घातले की आत तोंड करून गोड आवाजात "येते हं!" – अर्थात इथल्या भाषेत. शब्दाला शब्द, व्याकरण चोख. यात चुकण्यासारखं काही आहे का? तरी बाई लगेच दारात येऊन उभ्या. दार सताड उघडं! बाहेर थंडी नुसती चावते आहे आणि या हाताची घडी घालून माझ्याकडे बघतायत. कोपऱ्यावरून वळून पाहिलं, तरी तिथेच.

मी काय यांचे चमचे पळवणार आहे?

८ ऑक्टोबर

आजही उभ्या.

९ ऑक्टोबर

आजही. शिवाय खोकतायत. एवढा संशय की तब्येतीचीही पर्वा नाही!

संध्याकाळी त्यांनी मला घरभर फिरवलं. गीझर कसा लावायचा, पाण्याचा मुख्य नळ कुठे, दिवे गेले तर तळघरातलं कुठलं बटण वर करायचं, कुठल्या कुंडीला किती पाणी. "आता तू करून दाखव." दाखवलं. तळघरात डोकं आपटलं. "पुन्हा." पुन्हा दाखवलं, डोकं पुन्हा आपटलं. भाषेची परीक्षा द्यायला आले आणि इथे वायरमनची देतेय.

आणि बाहेरच्या दाराशी, कोटांच्या खुंटीखाली, एक भरलेली बॅग ठेवलेली दिसली. बाईंची. कुठे निघाल्या असतील? विचारायची सोय नाही. निघालेल्या माणसाला "कुठे" म्हणून विचारू नये, हेही आईचंच वळण. की कुणी नवीन भाडेकरू आणायला निघाल्यात? नको ते डोक्यात येतं.

११ ऑक्टोबर

आईचा फोन. "मालकीण कशी आहे गं? माणूसघाणी नाही ना?"

"रोज दारापर्यंत सोडायला येतात," मी म्हटलं.

"बघ! किती माया!"

मी खोटं बोलले नाही. शब्दही वाकडा केला नाही.

१२ ऑक्टोबर

धरणीमाते, पोटात घे मला. आत्ता, इथल्या इथे.

वर्ग सुटला. आमचे सर कोटात एक हात घालून उभे होते. मी नेहमीसारखं म्हटलं, "सर, येते हं!" सरांचा दुसरा हात हवेतच राहिला. "मग मी थांबू का?"

"कशासाठी, सर?"

"तू येतेस म्हणालीस ना! रोज म्हणतेस आणि येत नाहीस. पहिल्या दिवशी तर मी इथे दिवे लावून बसून राहिलो होतो. शेवटी शिपायाने बाहेर काढलं."

सगळा वर्ग खो खो हसला. मग कळलं. त्यांच्या भाषेत ते वाक्य म्हणजे – आत्ता आले, थांबा जरा माझ्यासाठी!

मीही हसले. आणि हसता हसता थंडगार पडले. टीसीबाई! त्या बिचाऱ्या रोज दार उघडं ठेवून माझी वाट बघत उभ्या असतात! मला वाटलं पाळत, आणि त्या मात्र मी परत फिरेन म्हणून कुडकुडतायत. तो खोकला माझ्यामुळेच!

गेली खोली. दुसरं काय होणार!

१३ ऑक्टोबर

ठरवलं. आता "जाते" म्हणायचं. बरोबर वाक्य, दोनच शब्द, सर म्हणाले लहान मुलंही म्हणतात.

आरशासमोर उभी राहिले. जीभ उचलेना! लहानपणी उंबऱ्यात एकदा "जाते" म्हटलं, तर आईने दंडाला धरून आत ओढलं होतं. "जाते काय म्हणतेस गं? येते म्हण!" पुन्हा चप्पल काढून, बसून, पाणी पिऊन निघायला लावलं. शाळा बुडली तरी चालेल, पण "जाते" नाही. आता ही परकी भाषा, इथला शब्द आपल्या उंबऱ्याला कसा लागेल? डोक्याला पटतं. जिभेला कोण सांगणार?

शेवटी काहीच न बोलता पळाले. बाई तरीही दारात होत्याच.

१४ ऑक्टोबर

आज म्हटलं. डोळे मिटून, औषध घेतल्यासारखं. "मी जाते!"

बाईंचा चेहरा एकदम उतरला. "जातेस? कुठे? खोली नाही आवडली?"

हे भगवान! येते म्हणावं तर पंचाईत, जाते म्हणावं तर पंचाईत!

बूट काढले. स्वयंपाकघरात बसले. वर्ग गेला खड्ड्यात. सगळं सांगितलं, माझ्या त्या राजवाडी भाषेत, अडखळत. आमच्याकडे निघताना कुणी "जाते" म्हणत नाही. जाते म्हणजे गेलेच, परत नाही. आम्ही "येते" म्हणतो. म्हणजे निघाले, पण येईन. थांबा असं नाही, शब्द देऊन जायचं, एवढंच.

बाईंनी कप बाजूला सरकवला. मग हसल्या! पहिल्यांदा! हसता हसता खोकल्या. "मला वाटलं, ही मुलगी रोज काहीतरी विसरते. म्हटलं, हुशार दिसते खरी, पण जरा वेंधळी असावी."

"मग इतके दिवस विचारलं का नाही?"

"तू विचारलंस, मी का उभी राहते?"

खरंच की. दोघी सारख्याच शहाण्या.

मग कप विसळता विसळता, पाठमोऱ्याच, म्हणाल्या, "आणि घरात मागे राहतं ते माणूस काय म्हणतं?"

"ये म्हणतं. मोठ्या माणसाला 'या'."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

१६ ऑक्टोबर

आता मी सकाळी चक्क मराठीतून म्हणते, "येते हं!" आणि टीसीबाई दारातून उत्तर देतात, "यॅ!" हाक मारतायत की शेळी हाकलतायत, कळत नाही. मी हसले तर रागावल्या. संध्याकाळी आले, तर भांडी घासताना स्वतःशीच घोकत होत्या. "ये. या. येते. या." तपासनिसाचं काम, अर्धवट आवडत नसणार.

खोलीचं मात्र अवाक्षर नाही. परवा दोन आठवडे संपतायत. बॅग तिथेच आहे. मला खरंच भीती वाटते आहे. आणि आता ती नुसती वर्ष जाण्याची नाही. मला या बाई आवडायला लागल्यात, झालं!

१७ ऑक्टोबर

कुंड्यांना पाणी घातलं. न सांगता. बाईंनी पाहिलं, कुंडीतली माती बोटाने चाचपली.

१८ ऑक्टोबर

सकाळी दाराशी गाडी आली. टीसीबाई कोट घालून तयार. किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला. "ऑपरेशन आहे. छातीचं. डॉक्टर बरंच बोलतात, नक्की काही सांगत नाहीत." मफलर गुंडाळत म्हणाल्या, "खोली तुझीच आहे गं. दोन आठवडे मी खोलीचं नव्हते बघत. परत आले, तर दार उघडायला घरात कोण असेल, ते बघत होते."

मी बॅग गाडीत ठेवली. घरात परत आले, मागे राहणाऱ्या माणसाने उभं राहायचं तिथे. बाई उंबऱ्याबाहेर थांबल्या. मागे वळल्या.

"येते," म्हणाल्या. इतकं स्वच्छ, की आईनेही चूक काढली नसती.

"या," म्हटलं.

गाडी कोपऱ्यावरून वळली. दार मी सताड उघडंच ठेवलं आहे. थंडी आत येते आहे. येऊ दे.