सोबत कोण आलंय

शिरगाव, बदलापूर पूर्व
शनिवार

तीर्थस्वरूप कुमुदमावशीस,

मालूचा साष्टांग नमस्कार (गुडघे कुरकुरतात, म्हणून बसल्या जागेवरूनच). तुझं बीपी, तुझ्या कुंड्या आणि तुझ्या वरच्या मजल्यावरच्या त्या भांडकुदळ बाई आपापल्या जागी ठीक असतील अशी आशा करते. परवा फोनवर तू विचारलंस, एकटीला करमतं का, आणि मी घाईघाईने फोन ठेवला. म्हणून हे पत्र. करमण्या-न करमण्याला मला वेळच नाही, मावशी. चौदा वर्षं अपघात विभागात फुटलेली डोकी शिवली, आता सहा वर्षं तसल्याच डोक्यांचे आतले फोटो काढते. मार लागल्यावर पहिल्या काही तासांत मेंदूत काय होतं, ते मला शोधायचंय. तुलनेसाठी मार न लागलेली छत्तीस धडधाकट डोकीही लागतात. पस्तीस झाली. एक मिळत नाही, आणि महिनाअखेरपर्यंत मिळालं नाही तर सहा वर्षांचं काम अडून बसणार.

आजारी माणूस चटकन एमआरआयला झोपतो, धडधाकट माणूस झोपत नाही. उल्हासनगरचे एक कापड व्यापारी तयार झाले, पण मेंदू उत्तम असल्याचं सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र हवं म्हणाले, गल्ल्यामागे लावायला (मी दिलं नाही, तेव्हापासून नमस्कारही घेत नाहीत). मग मोरिवलीचे धर्मराज आले, कारखान्यात फिटर आहेत. आमच्याकडे नियम आहे की प्रत्येकाने सोबत एक माणूस आणायचाच. अंगठी, घड्याळ, मंगळसूत्र असलं काही त्या मशीनजवळ चालत नाही, ते सांभाळायला कुणीतरी लागतं. नियम माझाच. अपघात विभागात इतकी माणसं एकटी आलेली पाहिली की सहीनिशी तो भिंतीवर लावून टाकला. धर्मराज नऊ जणांना घेऊन आले, डबे-चटयांसकट. तपासणी अर्ध्या तासात आटपली, पण नऊ माणसं दवाखान्यात गेली म्हणजे प्रकरण गंभीर, असं गावात ठरलं. दुसऱ्या दिवसापासून लोक शहाळी घेऊन बघायला यायला लागले. आलेल्यांचा हिरमोड नको म्हणून धर्मराज दोन दिवस चादर घेऊन पडून राहिले (बायको विठाने त्यांना मऊ भातही भरवला, असं कळतं). त्यानंतर मोरिवलीतून एकही डोकं आलं नाही.

शेवटी ठरवलं, छत्तिसावी मीच. संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीकडून रीतसर परवानगी काढली आणि गुरुवारी अंबरनाथच्या केंद्रात घड्याळ, कानातली काढून उभी राहिले. मशीनवर कमलेश असतो, त्याला हे काम मीच शिकवलंय. तो म्हणाला, "मॅडम, सोबत कोण आलंय?" मी म्हटलं, मी इथली प्रमुख आहे. त्याने भिंतीकडे बोट केलं. केंद्रातली माणसं सोबत म्हणून चालत नाहीत, तेही मीच लिहून ठेवलंय. मग बाहेरच्या बाकावर बसून मोबाइलमधली नावं वर-खाली केली. चारशे बारा नंबर आहेत. दोन रक्तपेढ्या, सात रुग्णवाहिका, गॅसवाला, समोरच्या ब्लॉकमधली चैत्राली (ती ऑफिसात), आणि कित्येक पेशंटचे नातेवाईक, ज्यांना मी कधीतरी वाईट बातमी दिली होती. दुपारी तीन वाजता माझी कानातली धरून बस, असं म्हणावं असं त्यात एकही नाव सापडलं नाही. मावशी, मला तिथे फार एकटं वाटलं. कमलेशने चहा आणून दिला. मी कानातली पुन्हा घातली आणि घरी आले.

पण तू हे मुळीच मनावर घेऊ नकोस. मजेत आहे, वेळच्या वेळी जेवते (जवळजवळ). एवढ्या लांब यायची तसदी तर अजिबात नको.

तुझी
मालू

ता. क. पुढच्या गुरुवारी तीनची वेळ पुन्हा घेतली आहे. अर्धाच तास बसावं लागतं, बाकावर पंखा आहे. साताऱ्याहून बुधवारी निघालीस तर मी कल्याणला घ्यायला येईन.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवता चिकटवता कमलेशचा फोन आला. विठा आज आपणहून आली होती, आणि धर्मराज बाहेर तिचं मंगळसूत्र मुठीत घट्ट धरून बसले होते. छत्तीस पूर्ण झाली. गुरुवारची वेळ मी रद्द केली आहे. तू मात्र बुधवारीच ये.