मंजुळामावशींच्या हाताचा अर्ज

अंधेरी, मंगळवार, १४ ऑक्टोबर १९८६

वर्सोव्याच्या मंजुळामावशींना टेम्पोने उडवलं, त्याच्या भरपाईचा अर्ज मी लिहितोय. वकील म्हणाला म्हणून ‘उजवा हात कायमचा निकामी’ असं लिहिलं. आज बाजारात वाचून दाखवलं, तर त्याच हाताने सुरमई कापत मावशी म्हणाल्या, “मग ही काय तुझा वकील कापतोय?” सगळ्या कोळणी हसल्या. कायदा मी घरी वाचून शिकलो, माझा स्वल्पविरामही चुकत नाही. हात मात्र पाहिलाच नव्हता!

“मग गेलं काय?” विचारलं.

“हात वर जात नाय. माशांची पाटी डोक्यावर चढवायला रोज कुणाचे तरी पाय धरायचे. चाळीस वर्षं नव्हते धरले.”

निकामी खोडून तेवढंच लिहिलं. भरपाई घटेल? घटेलही. तसं मावशींना सांगितलं.

“कोर्टात पाटीच घेऊन येते,” म्हणाल्या. “जज्जसाहेबाला सांगते, जरा हात लाव.”